सगुणाचा कोपरा

मावळात भाताची आवणी संपली, म्हणजे रोपं उपटून खाचरात लावून झाली, की बायका खाचराच्या एका कोपऱ्यात चार-पाच मुठी रोप दाट खोचून ठेवतात. आठ-दहा दिवसांनी कुठं रोप मेलं, कुठं वाहून गेलं, की कोपऱ्यातलं उपटून त्या रिकाम्या जागी लावायचं. आमच्या भागात ह्याला सगुणाचा कोपरा म्हणतात. परवा बेडशाच्या एका नव्या सुनेनं मला विचारलं, "मावशी, सगुणा म्हंजी कुटली देवी वं? आमची सासू तितं हळदकुंकू वाहती."

मी म्हटलं, "देवी न्हवं गं बाई. माझी मैत्रीण होती."

तिच्या डोक्यावर पाटी होती, ती गेली पुढं. तुम्ही फराळाचं ताट शेजारी घेऊन निवांत बसला आहात, तेव्हा तुम्हाला सांगते.

आधी माझं सांगायला हवं, नाहीतर ही बाई कोण लागून गेली असं वाटेल. मी शेतकी खात्यात चौदा पावसाळे काम केलं. वर्षं म्हणत नाही, कारण मला कामावर घेत ते मृगापासून सुगीपर्यंतच. बाकीचे महिने मी आपली माहेरी भावाकडं. खात्याच्या कागदावर माझ्या कामाला नाव काय द्यावं हे कुणाला सुचलं नाही, म्हणून तिथं 'मजूर, स्त्री' एवढंच होतं. काम मात्र मास्तरकीचं. मी बायकांना भात लावायला शिकवत असे. आता मावळातल्या बाईला भात लावायला शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पहिले दोन पावसाळे तर मला ते सारखं ऐकावंच लागलं.

त्याचं असं झालं. पुण्याहून एक तरुण साहेब आमच्या तालुक्यावर आले. चष्मा, छत्री, आणि पायात बूट. तो बूट पहिल्याच दिवशी खाचरात रुतून बसला आणि दोघांनी ओढून काढला. माणूस मात्र सोन्यासारखा. ते गावोगाव देवळात पुरुषांना जमवून सांगत, "एका चुडात तीनच काड्या लावा." चूड म्हणजे एका जागी खोचायचा रोपांचा झुबका. आमच्याकडं एका चुडात आठ-आठ, दहा-दहा काड्या लावायची रीत. साहेब म्हणत, इतकी गर्दी झाली की एकालाही धड फुटवे येत नाहीत. तीन लावा, वीतभर अंतर सोडा, गाठी मारलेली दोरी धरून ओळीत लावा, आणि मग बघा. पुरुष ऐकत, माना डोलवत, गूळ-शेंगा खात आणि घरी जात. आणि आवणी पुन्हा आपली दहा काड्यांची.

इंदुरीला एका म्हाताऱ्या आबांनी शेवटी साहेबांना खरं ते सांगितलं. "सायेब, तुमचं समदं पटलं बगा. पर आमी औत हाकतो, चिखल करतो, आन बांधावर बसून तंबाखू मळतो. चूड लावत्यात त्या बाया. त्यास्नी कुनी सांगितलंय?"

देवळात हशा झाला. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावोगाव चावडीवर विचारणा केली, की जिच्या हाताला सगळ्या बाया मानतात अशी कोणी आहे का. आमच्या गावच्या पाटलांनी माझं नाव सांगितलं. मी तेव्हा तिशी ओलांडलेली. मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला होता, पोरबाळ नव्हतं, आणि आवणीला माझ्या बरोबरीनं मागं सरकणारी बाई पाच गावांत एकच होती. ती सगुणा. तिचं पुढं येतंच.

साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला लिहिता-वाचता येतं?"

मी म्हटलं, "न्हाई साहेब."

"हरकत नाही. मला भात लावता येत नाही. तुम्ही मला शेत सांगा, मी तुम्हाला पुस्तक सांगतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

अक्षरं मी बियाण्याच्या पोत्यांवरून शिकले. 'आंबेमोहर' हा मला वाचता आलेला पहिला शब्द, आणि 'भ' हे पहिलं नीट काढता आलेलं अक्षर. भाताचा भ आणि माझ्या भागीरथीचाही तोच.

आता गमतीही सांगते, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. पेरण्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, हा आमचा पहिला धडा. हलकं, पोचट बी वर तरंगतं ते काढून टाकायचं; भरलेलं तळाला जातं ते दोनदा गोड्या पाण्यानं धुऊन पेरायचं. पाण्यात मीठ पुरेसं झालं की नाही हे पाहायला त्यात अंडं सोडायचं. अंडं तरंगलं की मीठ बरोबर. तर एका माळकऱ्याच्या घरी मी पदरातून अंडं काढलं मात्र, म्हातारीनं अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. पुढं मी बटाटा वापरू लागले. बटाट्यानंही तेच कळतं. पण त्या म्हातारीची शंका निराळीच होती. "मिठातलं बी पेरल्यावर भात खारट न्हाई का लागायचा?" सुगीनंतर मी मुद्दाम तिच्याकडं जेवायला गेले. तिनं पहिला घास स्वतः घेतला, चावला, आणि म्हणाली, "आळणीच हाय की. मीठ वाया गेलं तुजं."

आणि भुशीची गंगूबाई! डोंगरउतारावर तिचं खाचर, पाऊस असा की समोरचं माणूस दिसू नये. ती मला म्हणाली, "तू मला आवणी शिकवनार? माजी हाडं ह्या चिखलात झिजली." मी म्हटलं, अर्धं खाचर तू लाव, अर्धं मी लावते. सुगीला माझ्या अर्ध्यात भारे जास्त निघाले. ती भाऱ्यांकडं पाहून न पाहिल्यासारखी निघून गेली. पुढच्या वर्षी गेले तर सगळं खाचर दोरीनं लावलेलं, ओळीत. मी विचारलं, "काय गंगूबाई, दोरी?" तर म्हणे, "घरात पडून व्हती. वाया कशाला घालवायची!"

असं चाललं होतं. तीन-चार वर्षांत माझं नाव झालं. बाया लांबून हाक मारत, "ए तीन काडीवाली!" खरं सांगते, मला त्याची चटक लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलायची आणि दहा माणसं ऐकायची. साहेब छत्री धरून बांधावर उभे राहात आणि वहीत लिहीत. मी काही सांगितलं की ते लिहून घेत! नुसतं 'मजूर, स्त्री' असलेल्या बाईचं बोलणं कागदावर जातं म्हणजे काय, हे ज्याचं जात असतं त्याला नाही कळायचं.

आता सगुणा.

सगुणा आणि मी बेडशाच्याच, लेण्यांच्या पायथ्याच्या. एका वाफ्यावर वाढलो. माझी आई आम्हां दोघींना मधे घेऊन आवणी शिकवी. चुडात काडी घालताना ती म्हणायची, "एक खेकड्याची, एक पान्याची, एक ढोराची, उरंल ती धन्याची." आम्ही पोरी ते म्हणत म्हणत मागं सरकायचो. मी लग्न होऊन गाव सोडलं आणि नवरा गेल्यावर परत आले, सगुणा गावातच नांदली. तिचं घर आमच्यापासून चार उंबऱ्यांवर.

तिचा नवरा पावसात भिजून आला आणि आठ दिवसांत तापानं गेला. पाठीमागं सगुणा, तिच्या वाट्याची दोन खाचरं, आणि थोरला दीर दगडूभाऊ. एक खाचर वरलं, उन्हाला मोकळं. दुसरं खाललं, ओढ्याच्या कडेला. दगडूभाऊ वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टीत दीर वाईटच असतो असं वाचणाऱ्याला वाटतं. तो म्हणाला, "वयनी, तुमी एकट्या. औत कोन हाकंल? खाचरं आमच्याकडं द्या, भाकर आमच्या चुलीवर खा. मी तुमास्नी काय उपाशी ठिवनार न्हाई."

सगुणा म्हणाली, "भावजी, भाकर द्याल, पर ती वाढून घ्यावी लागंल. मला माजी वाढायची हाय."

प्रकरण पंचांपुढं गेलं. पंचांनी तोड काढली: एक साल सगुणानं खाचरं करून दाखवावी. औत दगडूभाऊनं द्यावं, बाकी सगळं तिचं. सुगीला खळ्यावर नवऱ्याच्या वेळेइतकं भात भरलं, तर खाचरं जन्मभर तिच्या हाती. एक पायली कमी पडली, तर दगडूभाऊच्या औताखाली. दोघांनी मान्य केलं.

त्याच दिवशी सगुणा माझ्याकडं आली. उंबऱ्यावरच बसली. "भागे, तुज्या सायबाच्या रितीनं जास्त येतं म्हंत्यात, ते खरं का फुकाचं?"

"मी माझ्या हातानं मापलंय गं."

"मग माज्या दोन्ही खाचरांत तुजी रीत. मी तुज्या जिवावर हाय बग."

साहेबांना ते फार आवडलं. बेडशात अजून एकाही घरानं सबंध शेत नव्या रीतीनं लावलं नव्हतं. ते मला म्हणाले, "बाई, पण सगळं एकसारखं लावा हं. अर्धं जुनं, अर्धं नवं असं नको. मग कशानं काय झालं ते कळत नाही."

बी मिठातून काढलं. राब भाजला, म्हणजे रोपं वाढवायच्या तुकड्यावर शेण-पालापाचोळा जाळून जमीन तयार केली. रोप असं आलं की बाया येता-जाता थांबून हात लावून पाहत. आवणीच्या दिवशी दहा-बारा बाया होत्या, डोक्यावर पानांची इरली, हातात मुठी. साहेब बांधावर वही घेऊन. मी दोरीचं एक टोक धरलेलं. सकाळी वरलं खाचर झालं. सुरेख झालं, कंगव्यानं भांग पाडावा तसं. दुपारी आम्ही खाली ओढ्याकडं उतरलो.

सगुणा पहिली मूठ सोडत वाकली, आणि वाकल्या वाकल्या माझ्याकडं बघून म्हणाली, "हितं बी तीनच का गं?"

आता तुम्हाला खेकड्याचं सांगते. ओढ्याकडच्या खाचरात खेकडे असतात. बांधात बिळं करून राहतात आणि कोवळं रोप कात्रीनं कापावं तसं बुडातून कापतात. पाऊस जोराचा असला, खाचर भरून वाहतं राहिलं, तर कमी; पाऊस थांबला आणि पाणी निवळलं, की कापतच सुटतात. दहा काड्यांचा चूड असला तर चार कापल्या तरी सहा राहतात. तीन असल्या तर तीन जातात. माझी आई जे म्हणायची ते गाणं नव्हतं, हिशेब होता. आणि तो मला पाठ होता. सगुणानं विचारलं त्या क्षणी तो मला आठवलाही होता.

पण साहेब बांधावर उभे होते. मागच्या चार वर्षांत मी पाचशे वेळा तरी म्हटलं असेल, तीनच. बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी 'इथं सहा लाव' म्हटलं असतं, तर हसल्या असत्या, "बघा, तीन काडीवाली सहावर आली." एवढंच. एवढ्याशासाठी.

मी म्हटलं, "तीनच."

सगुणा जरा तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि लावू लागली.

तीन-तीन काड्या लावल्यामुळं रोप ढिगानं उरलं. संध्याकाळी बांधावर दीडेकशे मुठी पडलेल्या. आमच्याकडं रोप वाळू देत नाहीत. रोप बांधावर वाळलं तर पुढच्या साली राब रुसतो म्हणतात. उरलं तर ज्याला कमी पडलं त्याला द्यायचं. दगडूभाऊचं एक खाचर अर्धं राहिलं होतं. सगुणानं डोक्यावर पाटी घेतली आणि स्वतः त्याच्या बांधावर नेऊन ओतली. "घ्या भावजी. माजं पुरून उरलं." त्या दिवशी ती कशी चालत होती ते मला अजून दिसतं. पदर खोचलेला, तोंडावर चिखल, आणि चालणं पाटलिणीसारखं. मूठभरही मागं ठेवलं नाही. मीही ठेव म्हटलं नाही. पाटी उचलून तिच्या डोक्यावर मीच दिली.

तिसऱ्या दिवशी मी इंदुरीला गेले, तिथल्या आवणीसाठी. पाचव्या दिवशी पाऊस थांबला. आम्हांला इंदुरीत बरंच वाटलं, कपडे वाळले. नवव्या दिवशी मी बेडशाला परत आले, आणि वाटेवरूनच खाली नजर टाकली तर ओढ्याकडचं खाचर आरशासारखं चकाकत होतं. लावलेलं खाचर चकाकत नाही. मी तिथंच वाटेत बसले.

सगुणा पाण्यात उभी होती. कापलेली पाती बांधाला लागून तरंगत होती, ती वेचून गोळा करत होती. कशाला, कोण जाणे.

"भागे," ती म्हणाली, "रोप बघ कुटं मिळतंय का."

आम्ही दोघी घरोघर फिरलो. सगळ्यांच्या आवण्या झालेल्या. कुणाकडं मूठ नाही. दगडूभाऊनं हात जोडले, "वयनी, तुमचं रोप तुमाला परत दिलं असतं हो, पर ते लागलं, मुळ्या धरल्या." खोटं नव्हतं ते. मी रातोरात इंदुरीला परत गेले आणि एका घरचं उरलेलं, पिवळं पडलेलं, जून रोप डोक्यावरून घेऊन आले. पोचेस्तोवर आणखी सुकलं. लावलं. जगलं कसंबसं. पण जून रोपाला फुटवा नसतो; उभं राहतं आणि तसंच म्हातारं होतं.

वरलं खाचर मात्र असं पिकलं, असं पिकलं! लोंब्या ओणवून बांधाला टेकलेल्या. कामशेतहून माणसं बघायला आली. साहेबांनी पुण्याहून फोटोवाला आणला. फोटोत सगुणा लोंबी हातात धरून उभी आहे. त्यात ती हसत नाही, ते साहेबांच्या लक्षात आलं नाही.

खळ्यावर दगडूभाऊनं माप स्वतः घातलं. लाभ, दोन, तीन... मापणारा एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. पंच बसलेले. पायलीवर त्यानं शीग ठेवली नाही, हात फिरवून सपाट करत गेला, म्हणजे पायल्या जास्तच भराव्या, आणि संपल्यावर आपण होऊन म्हणाला, "पुना घालू." पुन्हा घातलं. सहा पायल्या कमी.

साहेब धावत पुढं झाले. "अहो, पण वरच्या खाचराचं बघा ना! तिच्या नवऱ्यानं कधी इतकं काढलं होतं का? खालचं खेकड्यांनी खाल्लं, त्यात हिचा काय दोष?"

एक पंच म्हणाले, "सायेब, तुमचं खरं. पर बोली खळ्याची हुती, खाचराची न्हवती."

सगुणा उठली. तिनं झाडू घेतला, खळं झाडलं, सांडलेलं भात गोळा करून राशीत टाकलं, आणि झाडू दगडूभाऊच्या हातात दिला.

तिनं त्याच्या चुलीची भाकर खाल्ली नाही. आठवड्यात लोणावळ्याला गेली आणि एका बंगल्यावर भात कांडायला, दळायला राहिली.

साहेबांना मी खळ्याच्या त्याच दिवशी सांगितलं. परत येताना वाटेत मी म्हटलं, "साहेब, माझी चूक झाली. ओढ्याकडं तीन काडी टिकत न्हाई, हे मला ठाऊक होतं."

ते थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "मग तुम्ही बोलला का नाहीत, बाई? पुस्तक तर माझ्याकडं होतंच. मी तुम्हाला घेतलं ते याचसाठी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी दगडूभाऊनं ती दोन्ही खाचरं नव्या रीतीनं लावली. वर तीन-तीन काड्या. खाली ओढ्याकडं मात्र सात-सात, कुणाला न विचारता. दोन्हीकडं भात भरून आलं. खात्यानं बांधावर पाटी लावली, आणि मावळातून माणसं बैलगाड्या करून बघायला आली. शिकवल्यानं भात वाढतं का, असं मला अजून कुणी विचारलं तर मी तेच खाचर सांगते. वाढतं, नक्की वाढतं. कुणाच्या कणगीत जातं हे तेवढं शिकवणाऱ्याच्या हातात नसतं.

मी माझा धडा बदलला. ओढ्याकडं जास्त काड्या, आणि उरलेलं रोप दान करायच्या आधी खाचराच्या कोपऱ्यात राखून ठेवायचं. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढं छापूनही आणलं. बायांनी ते एका सालात उचललं. दोरीला जिथं चार वर्षं लागली तिथं ह्याला एक. कारण ते त्यांच्याच मनातलं होतं.

सगुणाला भेटायला मात्र मी सहा वर्षं गेले नाही. लोणावळ्याला दहादा गेले असेन, भुशीला जाताना तिच्या बंगल्यावरूनच वाट. मान खाली घालून जायची. मला वाटायचं, तिला एवढंच ठाऊक आहे की खात्याची रीत चुकली. आपल्या मैत्रिणीला कळत असून ती गप्प बसली, हे तिला ठाऊक नाही. ते सांगायला तोंड नव्हतं.

शेवटी दुसऱ्या लढाईच्या दिवसांत गेले. जाण्याआधी दगडूभाऊकडं गेले आणि म्हटलं, वरल्या खाचरातलं ओंजळभर भात द्या. त्यानं कशाला ते विचारलं नाही. शेरभर बांधून दिलं.

सगुणा बंगल्याच्या मागल्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. केस सगळे पांढरे. मला बघून म्हणाली, "आलीस का? बस. पानी पी." जशी मी कालच येऊन गेले होते.

मी बसले नाही. उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "सगुणे, मला ठाऊक होतं. तू विचारलंस तेव्हा मला खेकड्याचं ठाऊक होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आन मला ठाऊक न्हवतं व्हय? म्या काय देशावर जलमले? तुज्याच आयनं शिकवलं न्हवं दोगींना."

"मग बोलली का नाहीस? सहा लावायच्या होत्यास! मी काय हात धरणार होते?"

"तुजा सायेब बांधावर हुबा व्हता. धा बाया बगत व्हत्या. तुजं नवं नवं नाव झालेलं." ती सूप हलवत राहिली. "म्या इचारलं तवा तू म्हनली तीन. त्यावर म्या सा लावल्या असत्या, तर तुजी मान खाली गेली असती. म्हनलं, व्हईल कसं बी. पाऊस पडंल."

मग मी बसले. दोघी एका खाचरात, दोघींना ठाऊक, आणि मी माझ्या मानासाठी गप्प, ती माझ्या मानासाठी गप्प. तिची खाचरं गेली ती खेकड्यांनी नाही खाल्ली.

निघताना मी भाताची पुरचुंडी तिच्या हातात दिली. "वरल्या खाचरातलं आहे."

तिनं मूठ भरून वास घेतला. आंबेमोहराचा वास सालीतूनसुद्धा येतो. म्हटलं, आता कांडून भात शिजवील. तर ती आत गेली, मीठ आणलं, तपेलीत पाणी घेतलं, आणि ते भात पाण्यात सोडलं. वर आलेलं हातानं काढून टाकलं. तळचं धुतलं, फडक्यावर पसरलं.

मी म्हटलं, "हे काय?"

"बियाला ठिवते."

तिच्याकडं वीतभर जमीन नव्हती. मी काही बोलले नाही. ह्या वेळी न बोलण्यात माझा काही स्वार्थ नव्हता, एवढंच म्हणायचं.

त्यानंतर मी दर पावसाळ्यात जाऊ लागले. दरवेळी तिचा पहिला प्रश्न, "वरल्या खाचराला औंदा लोंबी कशी हाय?" आणि मी कोपऱ्याला तिचं नाव दिलंय हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "माजं कशाला? खेकड्याचं द्यायचं." आणि तोंडाला पदर लावून हसली.

गेल्या वर्षी आषाढात ती गेली. बंगल्याच्या बाईंनी तिची ट्रंक माझ्याकडं धाडली. दोन लुगडी, फणी, तो फोटो, आणि तळाशी ती पुरचुंडी, कडुलिंबाचा पाला घालून पक्की गाठ मारलेली. किडा लागला नव्हता.

मी ते भात मिठाच्या पाण्यात टाकून पाहिलं. एकही दाणा वर आला नाही, सगळे तळाला गेले. मग यंदा मृगाच्या आधी भावाच्या परड्यात हातभर जागा भाजून ते पेरलं, आणि रोज सकाळी जाऊन बसू लागले. बी फार वर्षं ठेवलं की त्यातला जीव जातो, हे मी चौदा पावसाळे बायांना सांगत आले आहे. तरी बसत होते. तीन आठवडे पाणी दिलं.

उगवलं नाही.